कासच्या धुक्यात फोटो मळके का येतात

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ या तिघांचं नातं तुम्ही व्हिडिओ बघून पाठ केलं असेलच, ते इथे पुन्हा गिरवत नाही. साताऱ्यात नोकरी सांभाळून रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे विषयांची ददात नाही: अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, वाईजवळ मेणवलीचा घाट. तरी सुरुवातीला माझे फोटो निर्जीव यायचे आणि मी दोष लेन्सला द्यायचो. खरं कारण कळायला फार उशीर लागला, म्हणून तेवढं एकच नीट सांगतो.

कॅमेऱ्यात उजेड मोजणारा एक मीटर असतो. त्याला समोर काय आहे ते कळत नाही. उजेड किती येतोय एवढंच कळतं, आणि समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून तो एक्स्पोजर ठरवतो. झाडं, माणसं, आभाळ अशी सरमिसळ असली की हिशेब जमतो. पण सप्टेंबरात कास पठारावर उभे राहा. समोर धुकं, खाली गेंदाची पांढरी फुलं लांबवर. मीटरला वाटतं, उजेड फारच झाला. तो शटरचा वेग वाढवतो, आणि पांढरंशुभ्र धुकं चुलीच्या धुरासारखं होतं, गेंद मातकट. गडाच्या काळ्या कड्यानं चौकट भरली की उलटं: काळा फत्तर फिकट पडतो. मॅट्रिक्स मीटरिंग, म्हणजे चौकटीचे भाग पाडून उजेड मोजण्याची पद्धत, थोडं सावरून घेतं, पण सगळी चौकटच पांढरी असली की तेही फसतं.

उपाय म्हणजे प्लस-मायनसचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. इथेच सगळ्यांचा हात अडखळतो. आधीच एवढा उजेड, त्यात आणखी वाढवायचा? हो, वाढवायचा, कारण मीटरनं तो आधीच कापलेला असतो, तुम्ही फक्त परत देताय. धुक्यात +1 पासून सुरुवात करा, म्हणजे उजेड दुप्पट. नुसती पांढरी फुलं असतील तर +1.3 करून बघा. काळ्या कड्याला -1. पटत नसेल तर घरी शून्यावर ठेवून एक फोटो पांढऱ्या टॉवेलचा आणि एक काळ्या छत्रीचा काढा, दोन्ही वेळा चौकट पूर्ण भरून. दोन्ही जवळपास सारखेच राखाडी दिसतील. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरत नाही.

मागच्या स्क्रीनवर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका. ढगाळ पहाटे ती उजळच भासते आणि घरी कॉम्प्युटरवर फोटो काळवंडलेला निघतो. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख. धुक्याचा उंचवटा मधोमध असेल तर धुकं राखाडी झालंय. तो उजवीकडे सरकलेला हवा, पण कडेला चिकटलेला नको. चिकटला की पांढऱ्यातला तपशील गेला. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलंत तर थोडंफार परत मिळतं, जेपेगमध्ये जवळजवळ काहीच नाही.

‘खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो’ म्हणणारे एक दादा प्रत्येक ग्रुपात असतात. त्यांना नमस्कार करा आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवरच राहा, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्यानं. मॅन्युअलमध्येही मीटर तोच. त्याची सुई इमानदारीत शून्यावर आणली की फोटो तितकाच राखाडी. दोन दिवसांत प्रो करणाऱ्या कार्यशाळा आणि विकतचे प्रीसेट (एका क्लिकमध्ये फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग्ज) यांवर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रीसेटनं तेरडा जांभळाभडक होतो, धुकं मळकंच राहतं. त्यापेक्षा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याच्या मागे उभे राहा. मी राहिलो होतो. पांढऱ्या झब्ब्यातला नवरदेव समोर आला की तो स्टुडिओवाला न बघता अंगठ्यानं प्लस-मायनसचं चाक तीन खटके प्लसकडे फिरवायचा. तीन खटके म्हणजे साधारण एक स्टॉप, आपला +1. नवरदेव बाजूला झाला की तीन खटके मागे.

हीच सवय वारीत कामी येते. माउलींची पालखी लोणंदहून पुढे निघाली की तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ आभाळ. शून्यावर काढलंत तर टोपीखालचे रापलेले चेहरे काळेच दिसणार. दोन-तीन खटके प्लस केलं की डोळे दिसायला लागतात. पहिल्या वर्षी गर्दीत हे सगळं सुचणार नाही. सुचू दे की पुढच्या वर्षी, वारी दरवर्षी आहे.

कासवर एवढं पाळा: क्लोजअपसाठी फुलांत आडवे होऊ नका. 2012 पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. जांभ्यावर मातीचा पातळ थर आणि त्यावर सीतेची आसवं नावाची फुलं. तुमचं कोपर टेकलं की ती गेलीच. असा फोटो नाही मिळाला तरी चालेल.

आणि निघताना चाक शून्यावर आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद केल्यावरही +1 तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बारशाचे फोटो पांढरेफटक येतात.