प्रतीक्षेच्या आणि एकांताच्या काळात प्रार्थना कशी करावी

विश्वासी माणसाच्या आयुष्यात असे काळ येतात की मागणे मागून झालेले असते, उत्तर आलेले नसते आणि सुरुवातीला धीर देणारी माणसे एव्हाना आपापल्या व्यापात गुंतलेली असतात. वर्षानुवर्षे अपत्याची वाट पाहणारे जोडपे, बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी अबोला धरलेला तरुण, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करताना जिचे रविवारच्या उपासनेला जाणेच थांबले आहे अशी सून, मुले परदेशी गेल्यावर वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या घरात एकट्याने राहणारे वृद्ध, अशा सर्वांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहीत आहे. माझ्या मते अशा काळात शंकेपेक्षाही मोठा धोका असतो तो देवाशी बोलणे बंद होण्याचा. मनात तक्रार साचलेली असते, ती देवापुढे मांडणे अविश्वासाचे वाटते आणि तक्रारीखेरीज मनापासून सांगण्यासारखे दुसरे काही उरलेले नसते. त्यामुळे प्रार्थना आधी पाठ झालेल्या शब्दांपुरती उरते आणि पुढे तीही सुटते. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मात्र तक्रार करण्याची रीत घालून दिलेली आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ती देवाच्या लोकांनी उपासनेत म्हणावीत म्हणूनच जपून ठेवली गेली. प्रतीक्षेच्या काळात प्रार्थना शिकायची असेल तर तेथूनच सुरुवात करावी.

तेरावे स्तोत्र रोज मोठ्याने वाचावे

तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे, म्हणून थकलेल्या माणसालाही ते झेपते. ते शक्यतो एकाच ठरलेल्या वेळी, एकाच जागी बसून आणि मोठ्याने वाचावे. मोठ्याने वाचण्याचा आग्रह अशासाठी, की एकटे राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसदिवस कोणाचाच आवाज पडत नाही, आणि मनातल्या मनात केलेली प्रार्थना काळजीच्या विचारांत केव्हा मिसळून गेली हे कळतही नाही.

वाचताना स्तोत्राची घडण लक्षात घ्यावी. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर’ असे विचारतो: कोठवर विसरणार, कोठवर मुख लपवणार, मी मनात कोठवर झुरत राहू, शत्रूने माझ्यावर कोठवर वरचढ राहावे. तिसऱ्या आणि चौथ्या वचनांत तो मागणे मागतो, आणि ते मागणे मोघम नाही: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज येऊ दे, नाहीतर मी मरेन. पाचव्या वचनात तो देवाच्या दयेवर आपला भरवसा असल्याचे सांगतो आणि सहाव्यात गाण्याचा निश्चय करतो. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या दरम्यान परिस्थिती पालटल्याची एकही खूण स्तोत्रात नाही. शत्रू तेथेच आहे, उत्तरही आलेले नाही, तरीही तक्रार आणि भरवसा एकाच तोंडून, एकाच प्रार्थनेत निघाले आहेत. म्हणून भरवसा वाटू लागल्यावरच प्रार्थनेला बसू असे म्हणून थांबू नये.

निदान पंधरवडाभर हेच स्तोत्र धरून ठेवावे, रोज नवे वचन शोधू नये. काही दिवसांनी त्यातील एखादी ओळ भांडी घासताना किंवा बसची वाट पाहताना आपोआप ओठांवर येऊ लागते, आणि दिवसाच्या मधल्या वेळेला तेवढी प्रार्थना पुरते.

आपली तक्रार लिहून काढावी

स्तोत्राची सवय झाली की त्याच घडणीवर स्वतःची प्रार्थना लिहावी. साधी वही पुरेशी आहे. आधी प्रश्न, मग नेमके मागणे आणि शेवटी देवाविषयी आपण अजूनही खरे मानतो अशी एक तरी गोष्ट. शब्द घरातलेच असावेत; सभेत उभे राहून प्रार्थना करताना आपण जी भाषा वापरतो ती येथे नको. वर उल्लेख केलेली सून साधारण असे लिहू शकेल:

“प्रभो, आणखी किती दिवस? सकाळी त्यांचे अंग पुसून, कपडे बदलून होईतो उपासनेची वेळ निघून जाते. चर्चच्या मंडळीतून फोन येणे बंद झाले आहे. मला त्यांचा कंटाळा येतो आणि कंटाळा आला की माझीच मला लाज वाटते. हे तुला दिसते की नाही? आज रात्री मला चार तास सलग झोप दे. नणंदेला निदान एक रविवार येथे येऊन राहण्याची बुद्धी दे. येशूने शिष्यांचे पाय धुतले हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि ते खरे आहे असे मी आजही मानते.”

या प्रार्थनेत ‘मला सामर्थ्य दे’ असे सर्वसाधारण मागणे नाही. चार तासांची झोप आणि एक रविवार मागितला आहे. नेमके मागितले की नणंद खरोखरच आली त्या दिवशी ते ओळखता येते, आणि ती आली नाही तर पुढच्या आठवड्यात कोणती गोष्ट पुन्हा देवापुढे न्यायची तेही ठाऊक असते. शेवटची ओळ ओढूनताणून मोठी करू नये. जेवढे खरे आहे तेवढेच लिहावे.

एखाद्या दिवशी शेवटची ओळ सुचणारच नाही. अशा दिवसासाठी 88 वे स्तोत्र आहे. त्याच्या आरंभी देवाला तारणारा म्हणून हाक मारली आहे. पण पुढे दुःखच वाढत जाते, आणि मित्र दुरावले, अंधारच सोबतीला उरला, अशा स्वरात ते संपते. त्याला समाधानाचा शेवट जोडावा असे कोणाला वाटले नाही, आणि ते जसेच्या तसे शास्त्रात ठेवले गेले. त्या दिवशी ते वाचून वही मिटावी. तीही पूर्ण प्रार्थना आहे.

आधी जेवण आणि झोप

पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा देतो, पुन्हा झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला लावतो. होरेब पर्वतावर देवाशी त्याचे बोलणे होते ते त्यानंतर, चाळीस दिवसांच्या प्रवासाच्या शेवटी. तेथेही एलीया ‘मी एकटाच उरलो आहे’ ही तक्रार त्याच शब्दांत दोनदा सांगतो, आणि देव दोन्ही वेळा ती ऐकून घेतो. मग त्याला कळते की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, आणि सोबतीला पुढचा संदेष्टा अलीशाही मिळतो.

उपवास-प्रार्थनेविषयी माझ्या मनात आदर आहे. तरीही ज्याची झोप उडाली आहे आणि अन्नावरची वासना गेली आहे त्याने या काळात उपवास धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने वेळेवर जेवावे, दिवसातून एकदा तरी उन्हात चालावे, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपावे. उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. औषधोपचार घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे कोणी सांगितले तर त्याला एलीयाच्या भाकरीची आठवण द्यावी.

वाट पाहताना हातात काम असावे

बंदिवान करून बाबेलला (बाबिलोनला) नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेले पत्र आपण बहुधा एकाच वचनासाठी वाचतो. देवाने आपल्या हिताचे संकल्प केले आहेत हे ते वचन घरोघरी भिंतीवर लावलेले असते. पण त्याच एकोणतिसाव्या अध्यायात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे लिहिले आहे, आणि त्याआधी घरे बांधा, मळे लावून त्यांची फळे खा, ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना सुटका दिसणार नव्हती, आणि तरीही मळा त्यांनीच लावायचा होता. प्रतीक्षा संपल्यावर करू म्हणून बाजूला ठेवलेल्या कामांपैकी कोणते आजच सुरू करता येईल, हे या पत्रासमोर बसून ठरवावे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात, म्हणजे निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या आपल्या आश्रमात, आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. साध्या स्त्रियांना कळेल असे शास्त्र हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मुक्तीतल्याच मुलींनी छापखान्याचे काम अंगावर घेतले. रमाबाईंना ऐकू कमी येत असे. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही त्यांनी काम सोडले नाही, आणि ते हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. इतके मोठे काम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परंतु एखादे शुभवर्तमान स्वतःच्या अक्षरात उतरवून काढणे, आजोळच्या जुन्या गीतांच्या चाली नातवंडांसाठी फोनवर रेकॉर्ड करणे किंवा शेजारच्या मुलाला गणित शिकवणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

आडवाटेपासून सावध राहावे

अब्राहामाला देवाकडून वंशाचे वचन मिळाले तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या काळात त्याची पत्नी सारा हिच्या सांगण्यावरून हागार दासीकरवी मूल होऊ देण्याचा मार्ग निघाला, आणि त्याचे सर्वांत मोठे दुःख हागारेनेच भोगले. वाट पाहून थकलेला माणूस घाईने जे ठरवतो त्याची झळ पुष्कळदा दुसऱ्यालाच लागते. म्हणून लग्न, कर्ज, नोकरीचा राजीनामा, घर विकणे असे निर्णय अत्यंत थकव्याच्या आठवड्यात घेऊ नयेत. एखाद्या जाणत्या, पण त्या निर्णयात ज्याचा काही लाभ नाही अशा माणसापुढे ते आधी मांडावेत. ‘अमुक तारखेपर्यंत तुमचे काम होईल असे देवाने मला दाखवले आहे’ असे सांगणारे लोक मंडळ्यांमध्ये भेटतात. अशा शब्दावर विसंबून पैसे देऊ नयेत आणि चालू औषध तर मुळीच थांबवू नये.

एकांत आणि एकटेपणा

लूक सांगतो की येशू वेळोवेळी अरण्यात जाऊन प्रार्थना करीत असे. हा त्याने निवडलेला एकांत होता. गेथशेमानेत मात्र त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेले, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवले, आणि ते झोपी गेले याचे त्याला दुःख झाले. प्रभूलाही दुःखाच्या रात्री माणसे हवी होती, हे लक्षात ठेवले तर माणसांची गरज वाटण्याची लाज राहत नाही. लादलेल्या एकटेपणातला थोडा वेळ, समजा सकाळचा अर्धा तास, ठरवून प्रार्थनेला दिला की तेवढा वेळ आपण निवडलेला होतो. उरलेल्या दिवसासाठी माणसांना बोलवावे लागते.

बोलवावे कसे, हे पौलाकडून शिकण्यासारखे आहे. तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, न्यायासनापुढच्या पहिल्या जबाबाच्या वेळी सर्वांनी मला सोडले, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असे तो लिहितो. प्रभू जवळ आहे म्हणून माणसांची गरज नाही, असे मात्र तो म्हणत नाही. लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे, आणि हिवाळ्यापूर्वी निघण्याचा प्रयत्न कर, असे एकेक तो कळवतो. ‘कधीतरी येऊन जा’ या निरोपाने सहसा कोणी येत नाही. मंडळीतल्या दोन-तीन माणसांनाच, नाव घेऊन, दिवस आणि काम सांगावे: बुधवारी संध्याकाळी तासभर बसायला या, येताना औषधे घेऊन या. उपासनेला जाता येत नसेल तर प्रभुभोजन घरी आणावे अशी विनंती पाळकांना करावी. कॅथलिक कुटुंबांनी कम्युनियनसाठी फादरांना तसे कळवावे. अशी विनंती करणे म्हणजे कोणाला त्रास देणे नव्हे, कारण ते त्यांच्या सेवेचेच काम आहे. आलेल्यांना आज एखादे गीत हवे आहे, वचन हवे आहे की नुसते बसणे हवे आहे, हे आरंभीच सांगावे, आणि पुढच्या भेटीचा दिवस त्यांनी चपला घालण्याआधी ठरवून घ्यावा.