घरून तब्येतीवर लक्ष ठेवताना या चुका टाळा

घरी बीपीचं मशीन, बोटाला ऑक्सिमीटर, मनगटावर स्मार्टवॉच, दंडावर शुगरचा सेन्सर, आणि सगळे आकडे दूर बसलेल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर. एवढी सोय झाली की घरच्यांना हायसं वाटतं. मग एक दिवस वरचं बीपी १६८ येतं, धावपळ होते, दवाखान्यात तेच १३४ निघतं आणि सगळे मशीनला नावं ठेवतात. मशीन बिचारं बहुतेक वेळा ठीक असतं. गडबड एकतर मोजताना झालेली असते, नाहीतर आकडा पोचल्यावर.

बीपी : सगळ्यात जास्त घोळ इथेच

जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, शेजारच्याशी बोलत बोलत बीपी मोजलं जातं. नुसत्या बोलण्याने किंवा लघवी तुंबलेली असेल तर वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो. पायावर पाय टाकून बसल्यानेही थोडा चढतो. हात खाली लोंबकळत असेल तर हृदयाच्या पातळीखाली दर १० सेंटिमीटरला ७-८ अंक वाढतात. यात आजार काही नाही, पाण्याच्या टाकीचा आणि नळाचा जो हिशेब तोच इथे. मनगटावरची बीपी मशीनं लहरी वाटतात ती यामुळेच. मनगट कुठे ठेवलंय त्यावर त्यांचं सगळं अवलंबून.

म्हणून अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे पाठवा. ‘जरा बरा’ दिसणारा तेवढाच निवडून पाठवायचा मोह मोठमोठ्यांना होतो. पण औषधाचा डोस त्यावरच ठरणार असतो!

मशीनसोबत आलेला पट्टा सगळ्यांना होतो, हाही एक गैरसमज. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो. दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. आणखी एक : दवाखान्यात बीपी जास्त आहे असं म्हणायची रेषा साधारण १४०/९० धरतात, घरी मोजलेल्याला मात्र १३५/८५. दवाखान्याचीच फूटपट्टी घरी लावली तर काही जण निष्कारण निर्धास्त राहतात.

ऑक्सिमीटर आणि घड्याळ

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतो. बोटं गार असतील, नखांना गडद रंग असेल, हात हलत असेल तर त्याला नीट वाचता येत नाही. बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. शेजारी दिसणारी नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. त्वचा गडद असेल तर हे लक्षात ठेवा. धाप लागलेला माणूस समोर असताना ‘९६ आहे ना’ म्हणून थांबू नये.

घड्याळाचा पट्टा सैल असला की नाडीचे आकडे भरकटतात. तो मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, सरकणार नाही इतपत घट्ट हवा. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहतो. ठोक्यांची अनियमित लय त्यात सापडू शकते, हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना मनगटाकडे बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं, अंगठ्या? अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी उपकरणं वापरू नका असा इशारा दिला होता. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतेल.

शुगरचा सेन्सर

रात्री शुगर अचानक घसरल्याचा अलार्म वाजतो, माणूस मात्र ठणठणीत. बऱ्याचदा तो सेन्सरवरच कुशीला झोपलेला असतो. दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. शिवाय हा सेन्सर रक्त नाही, पेशींभोवतालचा द्रव मोजतो, त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करा.

आकडे पोचतच नाहीत

आधी फोनची बॅटरी-बचत पाहा. ती मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करते. मग ब्लूटूथची परवानगी. मग सेल : काही मशीनांत सेल बदलल्यावर तारीख-वेळ मूळपदावर जाते आणि आजचं बीपी भलत्याच दिवशी जमा होतं. नवरा-बायको एकच मशीन वापरत असतील तर प्रत्येकाचं खातं वेगळं हवं, नाहीतर एकाचं बीपी आणि दुसऱ्याची गोळी असा प्रकार व्हायचा.

पलीकडे कोण आहे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरेसं पंप करता येत नाही अशा रुग्णांवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये आला. रोज फोनवरून स्वयंचलित यंत्रणेला वजन आणि लक्षणं कळवायची होती. १४ टक्के रुग्णांनी ती एकदाही वापरली नाही, शेवटच्या आठवड्यात तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले, आणि फायदा दिसला नाही. हार्ट फेल्युअरवरच्याच २०१८ च्या जर्मन अभ्यासात डॉक्टर-नर्स २४ तास आकडे पाहत होते. तिथे दवाखान्यात किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस कमी झाले.

तेव्हा यंत्र सुरू करायच्या दिवशीच विचारून घ्या : आकडे कोण पाहतं, कधी पाहतं, रात्री आणि सुट्टीला काय? किती झालं की फोन करायचा? हार्ट फेल्युअर असेल तर ३ दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढणं ही अशी एक नेहमीची रेषा आहे. सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायचं. तुमची रेषा डॉक्टर सांगतील तीच. ती आणि फोन नंबर कागदावर लिहून मशीनलाच चिकटवा, कारण ऐन वेळी ॲपचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही.