पत्ता सापडला, आता गृहचौकशी नीट करा

बालगृहात नव्याने रुजू झालेल्याला वाटतं, घर सोडून आलेल्या मुलाच्या घरचा पत्ता मिळाला, पालक आले, की काम झालं. पण मूल ज्या कारणाने घराबाहेर पडलं ते कारण तसंच असेल, तर ते पुन्हा बाहेर पडतं. दुसऱ्या खेपेला बरीच मुलं पत्ता सांगायचंच टाळतात.

बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, हजर करावं लागतं. सामाजिक तपासणी (गृहचौकशी तिचाच भाग) 15 दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून 4 महिन्यांत व्हावा लागतो. घर परजिल्ह्यात असेल तर तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला त्याच दिवशी पत्र पाठवा आणि मागोमाग फोनही करा. नुसतं पत्र टेबलावर पडून राहतं.

गृहचौकशीत आईशी एकटीशी बोला. सासू किंवा नवरा समोर असताना ती मारहाणीबद्दल बोलणार नाही. मग अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतले गुरुजी, शेजारी. मूल रात्री कुठे झोपणार, दिवसा घरी कोण असतं, मजुरीपोटी उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली आहे, हे थेट विचारा. बीडकडचं ऊसतोडीचं कुटुंब असेल तर कॅलेंडर बघा. सप्टेंबरात घरी सोडलेल्या मुलाचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघतात. मागे आजी आहे का? आईवडील बाहेर असताना मुलांना ठेवणारं हंगामी वसतिगृह सुरू होणार का? उत्तर नसेल तर घरी सोडण्याच्या आदेशाची घाई नको.

‘परिस्थिती गरिबीची’ एवढ्यावर अहवाल संपवणं हा मुलावर अन्याय आहे. केवळ गरिबीपायी मूल संस्थेत राहू नये. मूल घरीच वाढावं म्हणून राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात 4,000. कुटुंब कशात बसतं ते पाहून अर्ज मूल घरी जाण्याआधीच भरा, कारण मंजुरीला वेळ लागतो. आधार, बँक खातं, शाळेचा दाखला तयार नसला की मूल पोचतं आणि शाळा मात्र बुडते.

मुलाचं म्हणणं पालकांच्या गैरहजेरीत ऐका, आणि एकदाच नाही. आई समोर रडत असताना आलेला ‘हो’ धरू नका. घरच्या लग्नकार्याला किंवा आजारपणात समिती मुलाला घरी जायला साधारण 7 दिवसांपर्यंत रजा देऊ शकते. परतल्यावर मूल कसं खातं, झोपतं, रात्री दचकून उठतं का, याची नोंद ठेवा. अहवालातल्या चार पानांपेक्षा ती जास्त सांगते. लैंगिक अत्याचाराचा संशय घरातल्याच माणसावर असेल तर रजाही नको, भेटही देखरेखीखालीच.

मूल घरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात फोन, महिन्याच्या आत गृहभेट आणि पुढे किमान वर्षभर पाठपुरावा ठेवा. फोनवर मुलाशीच बोलायचं. ‘खेळायला गेलाय’ असं सलग दोनदा ऐकू आलं, तर तिसऱ्या फोनची वाट न पाहता घर गाठा.