लांब लेन्सची उमेदवारी : रोहित, खो-खो आणि विमाने

उजनी जलाशयाच्या काठी, कुंभारगावात, डिसेंबरमधल्या एका रविवारी मी पहिल्यांदा १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेऊन होडीत बसले. त्या सकाळी चारशेच्या वर छायाचित्रे काढली आणि संध्याकाळी बारामतीला घरी येऊन संगणकावर पाहिली, तेव्हा त्यांतली तीनच धड निघाली. उरलेल्यांत कुठे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे पाय चौकटीबाहेर गेले होते, कुठे पक्ष्याऐवजी मागचे गवत स्पष्ट आले होते, आणि बऱ्याचशा चित्रांत नुसतेच पाणी होते, कारण पक्षी लेन्समध्ये सापडेपर्यंत उडून गेला होता. लेन्स वापरलेली घेतली होती, त्यामुळे तिच्यातच खोट असणार, असा माझा पहिला समज झाला. दुकानदाराने ती ट्रायपॉडवर चढवून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी टिपून दाखवली. अक्षरे लख्ख होती. खोट कुठे होती ते पुढची दोन वर्षे हळूहळू उमजत गेले, आणि बँकेची नोकरी सांभाळून या नादात नऊ वर्षे काढल्यावर ते नव्याने येणाऱ्यांना सांगावेसे वाटते.

लांब लेन्स वस्तू जवळ आणते असे आपण सहज म्हणून जातो, पण तिचे खरे काम दृष्टी अरुंद करण्याचे आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, ३६ मिलिमीटर रुंद असतो. या रुंदीला अंतराने गुणून लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागले, की त्या अंतरावर चौकटीत किती रुंद जागा मावते ते कळते. ६०० मिलिमीटरला ४० मीटरवर ही जागा अवघी २.४ मीटर भरते, आणि माझ्याकडे होता तसा लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर साधारण १.६ मीटर. पंख पसरलेला मोठा रोहित दीड मीटरच्या आसपास असतो. म्हणजे तो अगदी मधोमध धरला तरच मावणार होता, आणि मी तर त्याला मधोमध धरायला शिकलेच नव्हते. शिवाय तो ताशी पन्नासेक किलोमीटर वेगाने उडत असेल, तर एवढी रुंदी ओलांडायला त्याला सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा पुरतो. तेवढ्या वेळात पाहायचे, ओळखायचे, फोकस करायचा आणि बटण दाबायचे, हे माणसाच्या हातून होणारे काम नाही. म्हणून पक्षी चौकटीत येण्यापूर्वीच तो कुठे येणार हे माहीत असावे लागते, आणि लांब लेन्सची सगळी उमेदवारी, विषय पक्ष्याचा असो, खेळाचा असो वा विमानांचा, मला तरी याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसली आहे.

हे मला तिथल्या, भिगवण परिसरातल्या होडीवाल्यांनी शिकवले. ते मूळचे मासेमारी करणारे; लेन्सचे आकडे त्यांच्या गावीही नसतात, पण होडी लावण्याआधी ते वारा पाहतात. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतो, विमानही तसेच करते. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर घेतला की पक्ष्याचा चेहरा आपल्याकडे येतो, नाहीतर दिवसभर शेपट्यांची चित्रे मिळतात. सूर्यही पाठीशी हवा. हिवाळ्यात सकाळी वारा अनेकदा पूर्वेकडूनच येतो, आणि मग जलाशयाच्या पूर्वेच्या अंगाला राहिले की दोन्ही गोष्टी एकदम साधतात. रोहित उडण्याआधी पाण्यावर काही पावले धावतो. सगळ्या थव्याच्या माना एकाच दिशेला ताठ झाल्या की धाव जवळ आली असे समजावे. बुडीत झाडाच्या खुंटावर बसलेला ऑस्प्रे (मासे खाणारा शिकारी पक्षी) मान वरखाली करू लागला, किंवा त्याने शीट टाकली, की बोट बटणावर ठेवावे. ही शेवटची खूण ऐकून शहरातली मंडळी हसतात, पण शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत इतकी भरवशाची खूण दुसरी मला सापडलेली नाही.

हाताळणीच्या सवयी त्यामानाने लवकर लागतात. झूम लेन्स आधी १५० ते २०० वर ठेवून पक्षी शोधावा आणि मग लांबवावी. थेट ६०० वर शोधायला गेलात तर आभाळच आभाळ दिसते. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याकडे आणावा. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडे ठेवावे लागते, शांत बसलेल्याला १/५०० चालतो. होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, किंबहुना घातक आहे, कारण तो इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये पोचवतो. इंजिन बंद करायला सांगून, कोपरे पोटाशी घेऊन, खाली बसून टिपावे. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्यासाठी एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करावे, नाहीतर त्याची पिसे चुन्यासारखी सपाट येतात. ताडोब्यासारख्या ठिकाणी जिप्सीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला बीन बॅग सगळ्यात सोयीची. ती रिकामी न्यावी आणि तिथल्याच वाण्याकडून दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरावी.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवे, कारण तिच्यापायी मी एक पूर्ण हिवाळा लेन्सला शिव्या घातल्या. सकाळी आठला टिपलेली चित्रे धारदार आणि साडेदहाची, त्याच अंतरावरची, त्याच सेटिंगची, जणू पातळ ताकातून पाहिल्यासारखी येत. तापलेल्या जमिनीवरची हवा आणि तिच्या वरची थंड हवा यांची घनता वेगळी असते, प्रकाश त्यांतून येताना सतत वाकत राहतो, आणि लांब लेन्स चित्राबरोबर ही थरथरही तितकीच मोठी करून दाखवते. डांबरी रस्ता, धावपट्टी, नांगरलेले रान आणि थंडीच्या पहाटे हवेपेक्षा उबदार असलेले पाणी, या सगळ्यांवर ती असते. शटर स्पीड वाढवून ती जात नाही, महागड्या लेन्सनेही जात नाही. अंतर कमी करणे किंवा लवकर उठणे, एवढेच दोन उपाय आहेत. वातानुकूलित गाडीची काच खाली करून टिपणाऱ्यांना तर ही थरथर स्वतःच्या खिडकीतच मिळते, कारण आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा तिथेच मिसळत असते. लेन्समध्ये दोष आहे असे ठरवण्यापूर्वी समोरची स्वस्त संरक्षक काच (यूव्ही फिल्टर) काढून, पंचवीस मीटरवरच्या स्थिर वस्तूवर, सकाळच्या वेळी एकदा पडताळा घ्यावा.

वेगवान हालचालीचा सराव करायला खो-खोइतकी चांगली शाळा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रिकेटच्या सीमारेषेबाहेरून, सत्तर मीटरवरच्या फलंदाजासाठी ४०० ते ६०० मिलिमीटर लागतात आणि मोठ्या सामन्यांना ओळखपत्राशिवाय तिथे उभेही राहू देत नाहीत. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, ७०-२०० ची लेन्स पुरते, आणि तालुक्याच्या स्पर्धेत आयोजकांना आधी विचारून कोपऱ्यात बसले तर कोणी हटकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या खेळाचे नियमच छायाचित्रकाराला पुढचे सांगतात. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही, आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही; पळणारा मात्र दोन्ही करू शकतो. म्हणजे आक्रमकाचा खांदा कुठे वळला ते पाहिले की तो कोणत्या खांबाकडे येणार हे ठरलेच. मी खांबाच्या मागे थोडी तिरकी बसते, फोकस खांबाच्या आसपास आणून ठेवते, आणि एका हाताने खांब धरून आडवा झोकून देणारा गडी चौकटीत शिरण्याच्या किंचित आधी बटण दाबते. पहिल्या वर्षी मी सूर मारलेला पाहून दाबत असे, तेव्हा मला फक्त धूळ मिळाली.

रात्रीच्या सामन्यांत एक वेगळी अडचण येते. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साध्या प्रकाशझोतांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतो, आणि १/१००० ला सलग टिपलेल्या दहा चित्रांत दोन उजळ, तीन पिवळसर, बाकीची काळवंडलेली असा प्रकार होतो. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असल्यास ती चालू करावी. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० पर्यंत बेधडक न्यावा. दाणेदार चित्र वर्तमानपत्र घेते, हललेले घेत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुदलाची हवाई प्रात्यक्षिके झाली, तेव्हा ही सगळी शिदोरी घेऊन मी गेले. जानेवारीत भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून नरिमन पॉइंटच्या बाजूला उभी राहिले. तिथून वायव्येकडे पाहिले की ऊन डाव्या खांद्यामागून येते. गर्दी इतकी, की मोनोपॉड (एकपायी स्टँड) टेकायलाही जागा नव्हती, आणि दोन किलोंची लेन्स हातावर पेलायची सवय नसेल तर पंधरा मिनिटांत हात थरथरू लागतात. वायुदलाच्या ‘सूर्यकिरण’ चमूची नऊ हॉक विमाने एकत्र आली तेव्हा ६०० मिलिमीटरचा काहीच उपयोग झाला नाही. एक किलोमीटरवरही तिच्यात जेमतेम साठ मीटर मावतात, आणि विमानांच्या रचनेला धुराचे पट्टे, समुद्र आणि इमारती यांची सोबत लागते. त्या वेळी शेजारच्या एका कॉलेजकुमाराने साध्या ५५-२५० लेन्सने काढलेले चित्र माझ्या चित्रांपेक्षा सरस होते, हे कबूल करायला हरकत नाही.

विमानांच्या बाबतीत नवख्याची ठरलेली चूक म्हणजे आवाजाकडे वळणे. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, आणि ताशी ५०० किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्या वेळात चारशे मीटर पुढे गेलेले असते. त्याऐवजी निवेदनाकडे कान ठेवावा आणि डोळे क्षितिजावर. निळ्या मोकळ्या आभाळात ऑटोफोकसला पकडायला काहीच सापडत नाही आणि तो मागे-पुढे धावत बसतो. म्हणून दूरच्या जहाजावर किंवा इमारतीवर आधी फोकस करून ठेवावा आणि लेन्सवरचे फोकसच्या मर्यादेचे बटण लांबच्या अंतरावर लावावे. आभाळ उजळ असते, विमानाचे पोट काळे पडते, तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावे. समोरासमोर येऊन एकमेकांना छेदणाऱ्या दोन विमानांतले एकच निवडून त्याचा पाठलाग करावा, दुसरे आपोआप चौकटीत येते.

सुखोई या लढाऊ विमानासाठी शटर १/१६०० ठेवले होते. दमट समुद्री हवेत ते जोरात वळले की पंखांवर बाष्पाचा पांढरा पदर उभा राहतो, आणि तो वळणाच्या सुरुवातीलाच येत असल्याने वळण दिसल्यावर दाबून चालत नाही. वायुदलाच्याच ‘सारंग’ चमूच्या ध्रुव हेलिकॉप्टरांना मात्र उलटे वागावे लागते. शटरच्या मोठ्या वेगाला पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. मुख्य पंखा मिनिटाला साधारण तीनशे फेरे घेतो असे धरले, तर १/१२५ सेकंदात पाते चौदा-पंधरा अंश सरकते, आणि तेवढ्यात ते जिवंत वाटते. पण १/१२५ ला दोन किलोंची लेन्स हेलिकॉप्टरबरोबर अचूक फिरवणे कठीण. माझ्या सत्तर-ऐंशी चित्रांतली पाच उपयोगी पडली, आणि हे प्रमाण मी वाईट मानत नाही.

सरावासाठी विमानतळाच्या कुंपणाशी जाऊ नये. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा वायुदलाचा तळ आहे, आणि अशा ठिकाणी लांब लेन्स काढणे म्हणजे चौकशीला निमंत्रण देणे. तसेच पक्ष्यांच्या घरट्यांची चित्रे घेऊ नयेत आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नयेत. थवा उडवण्यासाठी होडी त्याच्या अंगावर घालायला सांगणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत, आणि त्यांना नकार देऊन दिवसाची कमाई सोडणारे होडीवालेही पाहिले आहेत.

खरेदीविषयी थोडक्यात सांगते. ६०० मिलिमीटर एफ/४, म्हणजे जास्त प्रकाश घेणाऱ्या मोठ्या लेन्सची, किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. ती लागलीच तर पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते. लहान सेन्सरचा कॅमेरा आणि १००-४०० किंवा १५०-६०० ची वापरलेली झूम लेन्स यांवर पहिली चार वर्षे सहज निघतात. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र १.४ पट मोठे करणारा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि फोकस मंदावतो, त्यामुळे तो स्वस्त झूमवर लावू नये. उत्पन्नाचे म्हणाल, तर माझ्या लेन्सचे हप्ते वाघाने किंवा रोहिताने फेडले नाहीत. शाळांची क्रीडासंमेलने, तालुक्याच्या स्पर्धा आणि स्थानिक वर्तमानपत्रांची किरकोळ कामे यांनी फेडले. त्यातही एका दैनिकाकडे माझे आठ महिन्यांचे मानधन अडकले होते, तेव्हापासून मी कामाआधी लेखी दर घेते. नोकरी सोडण्याचा विचार निदान पहिली पाच वर्षे करू नये.

जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद असतो, उजनी भरत असते, मैदाने चिखलात असतात, आणि नेमक्या याच दिवसांत दमट हवेने लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात ७०-३०० च्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले आणि ती लेन्स गेली, कारण मी ती चामडी पिशवीत कपाटात ठेवली होती. आता हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवते. पण लेन्स डब्यात पडू देत नाही. रोज संध्याकाळी पाऊस उघडला की गच्चीवर जाते. बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि रांगेने घरी परतणारे गायबगळे यांच्यावर अर्धा तास, कार्ड न घालता, नुसती लेन्स फिरवत राहते.