दाढ काढली, तरी ठणका का थांबत नाही?

दाढ काढल्यावर दुखणारच; पण ते दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, चौथ्यापासून ओसरते आणि आठवड्याभरात बहुतेकांची दुखण्याची गोळी बंद होते. अक्कलदाढ हाड कोरून काढली असेल तर आणखी तीन-चार दिवस धरा. म्हणून नुसतं ‘अजून दुखतंय’ म्हणून भागत नाही. आज कितवा दिवस आहे आणि मधे उतरलेलं दुखणं पुन्हा चढलंय का, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. दाढ काढल्याच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा.

काही लक्षणांत मात्र दिवस मोजायचे नाहीत. जिभेखाली किंवा हनुवटीखाली टणक सूज, जीभ वर उचलल्यासारखी होणं, लाळ गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, सुजेने डोळा मिटत येणं किंवा हुडहुडी भरून ताप, यांपैकी काहीही असेल तर रात्र असो की रविवार, मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. गळ्याकडे उतरलेला संसर्ग काही तासांत श्वासनलिका दाबू शकतो. रुग्णाला आडवं करू नका, बसवूनच न्या.

रिकामी खाच: सर्वांत जास्त फसवणारं दुखणं

पहिला दिवस बरा गेला आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान अचानक कान-कानशिलापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला, तोंडाला घाण चव आणि वास आला, तर बहुधा तो ‘ड्राय सॉकेट’ असतो. दाढेच्या खाचेत रक्ताची जी गुठळी धरते, तीच खालच्या हाडाचं पांघरूण असते. ती विरघळली किंवा निसटली की हाड उघडं पडतं. आरशात टॉर्च मारून पाहिलं तर गडद लाल गुठळीऐवजी करडट, पोकळ खड्डा दिसतो. यात सहसा ताप नसतो, पू नसतो, गालही फारसा सुजत नाही. म्हणूनच यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, आणि नेमका तोच सर्वांत जास्त दिला-घेतला जातो.

खालच्या अक्कलदाढेनंतर हे जास्त होतं. विडी-सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, फार जोर लावून काढावी लागलेली दाढ आणि पहिल्याच दिवशी जोरजोरात भरलेल्या चुळा, ही नेहमीची कारणं. नारळपाणी स्ट्रॉने ओढणंही टाळायला सांगतात ते याचसाठी.

उपाय दंतवैद्याच्या खुर्चीत आहे आणि तो दहा मिनिटांचा आहे. खाच कोमट सलाइनने धुतात आणि तीत लवंगेच्या अर्काचं औषधी ड्रेसिंग ठेवतात. बऱ्याच जणांचा ठणका तासाभरात निम्म्यावर येतो. ड्रेसिंग प्रकारानुसार एक-दोन दिवसांनी बदलावं लागतं. कधी दोन-तीनदा जावं लागतं. विरघळणारं नसेल तर ते शेवटी काढून घेतल्याची खात्री करा, कारण आत विसरलेली पट्टीच पुढे पू धरते. एकूण सात ते दहा दिवसांत खालून नवं मांस भरू लागतं.

लवंगेचं तेल घरी कापसावर भिजवून खाचेत कोंबू नका. निव्वळ तेलाने हिरडी भाजते आणि कापसाचे धागे आत अडकतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरण्याची जुनी सवयही अशीच: गोळीने दुखणं मरत नाही, कातडी मात्र पांढरी पडून सोलते. मशेरी लावून ठणका दाबणाऱ्यांची खाच तर हमखास चिघळते.

घरी काय करायचं

पहिले २४ तास चूळ नाही. बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं लावायचा, १५ मिनिटं थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर. पाणी तोंडात घोळवायचं नाही. मान त्या बाजूला कलती करून अर्धा मिनिट धरायचं आणि वाकून नुसतं सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिन (चूळ भरायचं जंतुनाशक औषध) दिलं असेल तर ०.२ टक्क्याचं १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडून, नाहीतर त्याचा असर कमी होतो. चहा पिणाऱ्यांचे दात त्याने तपकिरी होतात, ते डाग नंतर निघतात. गरम पाण्याच्या पिशवीने गाल शेकू नका. आत पू असेल तर शेकाने तो गालाच्या कातडीकडे येऊन फुटू शकतो आणि व्रण कायमचा राहतो.

वेदनाशामकात मोठ्या माणसासाठी आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, दर आठ तासांनी, पोटात काही घालून, जोडीला पॅरासिटामॉल. ठणका चढेपर्यंत थांबू नका, पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे घ्या. गोंधळ होतो तो जोडगोळ्यांमुळे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं. त्यावर डोलो ६५० (तीही पॅरासिटामॉलच) घेतली की बेरीज करावी लागते. पॅरासिटामॉलची दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम. वजन कमी, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरीच खाली. किटोरोलॅक हे दुसरं वेदनाशामक आणि आयबुप्रोफेन एकत्र कधीच नाही. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण किंवा डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका.

खरा संसर्ग असेल तर

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, पू आला, ताप आला, तोंड दोन बोटांइतकंही उघडेना, तर तो संसर्ग. खालच्या अक्कलदाढेनंतर तो सगळं बरं वाटत असताना, महिन्याभरानेही उठू शकतो. अँटिबायोटिक इथे लागतं, पण पूला वाट करून दिल्याशिवाय ते टिकत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत बरं आणि संपल्या की पुन्हा सूज, असं झालं तर केमिस्टकडून दुसरा कोर्स घेऊ नका, एक्स-रे काढून घ्या. आत मुळाचा तुकडा, मेलेल्या हाडाची कपची किंवा शेजारच्या दाताची कीड निघते. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू पूर्ण बंद, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते आधी सांगायलाच हवं. दोन्ही मिळून रक्त जास्त पातळ होतं.

हिरडीतून जिभेला टोचणारा पांढरा कण मात्र बहुतेकदा निरुपद्रवी असतो. हाडाची ती कपची आपोआप सुटते किंवा चिमट्याने काढतात.

वरची दाढ काढल्यावर चूळ नाकातून येऊ लागली किंवा एकाच नाकपुडीतून घाण वास येत राहिला, तर बहुधा खाच सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, जोडली गेली आहे. दोन मिलिमीटरच्या आतलं भोक सहसा आपोआप बुजतं. मोठं शिवावं लागतं, आणि तेही लवकर. तोवर नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडं ठेवून द्या. नाक दाबून, हवा भरून ‘तपासून’ तर मुळीच पाहू नका, भोक मोठं होतं. (वरची दाढ काढल्याने नजर जाते, ही मात्र निव्वळ समजूत.)

तीन-चार आठवड्यांनंतरही खाच उघडी असेल

इतक्या दिवसांत हिरडीने खाच झाकायला हवी. झाकली नसेल तर आधी साखर तपासा, एचबीए१सीसह (तीन महिन्यांची सरासरी साखर). मग औषधांची यादी काढा: ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट, वर्षातून एकदा मिळणारं झोलेड्रोनिक आम्ल किंवा दर सहा महिन्यांनी मिळणारं डेनोसुमॅब. ही औषधं काही जणांच्या जबड्याचं हाड भरू देत नाहीत, आणि ‘ते गुडघ्या-कमरेचं आहे’ म्हणून दंतवैद्याला सांगायची राहून जातात. मान-जबड्याला रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा. वरच्या जबड्यात टाळू काळी पडणं, दात हलणं आणि मधुमेह एकत्र दिसले तर म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) संशय धरून त्याच दिवशी रुग्णालयात जा. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्राने हे पुष्कळ पाहिलं.

तंबाखू, गुटखा किंवा मशेरीची सवय असलेल्याची खाच मांस वाढून वर येत असेल, किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर पुन्हा धुणं-शिवणं नको, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) मागा. दात हलतो म्हणून काढला जातो आणि तो हलण्याचं कारण खालचा कॅन्सर असतो, असं घडतं.

खाच भरली, एक्स-रे स्वच्छ आहे, तरी विजेसारखी सणक येते, तोंड धुताना किंवा वाऱ्यानेही? मग ते दाताचं नाही, नसेचं दुखणं आहे. शेजारचा दात काढू देऊ नका; न्यूरॉलॉजिस्टला भेटा. त्या गोळ्या वेगळ्या असतात, साध्या वेदनाशामकाने ही सणक हलत नाही.

दुसरं मत हवं असेल तर तोंड व जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे जा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत रुग्णालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हे विभाग आहेत. जाताना जुना एक्स-रे, झालेल्या औषधांची पाकिटं आणि कॅलेंडरवरची ती तारीख सोबत न्या.