गेममध्ये मारामारी हवीच का?

गेम डिझाइनमध्ये येणाऱ्या नवीन मुलांचे पोर्टफोलिओ बघताना एक गोष्ट हमखास दिसते. कल्पना कितीही वेगळी असो, तिसऱ्या मिनिटाला तलवार नाहीतर बंदूक बाहेर येते. यात त्यांची हौस कमी आणि इंजिनची, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची, सोय जास्त असते. युनिटी या इंजिनमध्ये एक रेकास्ट, म्हणजे न दिसणारी सरळ रेघ, सोडायचा, लागला की शत्रूच्या हेल्थमधून दहा वजा करायचे, शून्य झालं की ऑब्जेक्ट नष्ट. दुपारभरात प्रोटोटाइप, म्हणजे गेमचा कच्चा नमुना, हलायला लागतं. पण कुणाची समजूत काढणं, संशय घेणं, वेळकाढूपणा करणं हे आकड्यांत बसवताना नाकी नऊ येतात. म्हणून मी टीममध्ये पहिला प्रश्न हाच विचारतो: ही मारामारी कथेला हवी आहे, की आपल्याला दुसरं काही सुचलं नाही?

आपल्याकडे शिवकालावर गेम करायची इच्छा जवळपास प्रत्येकाला असते, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. १६६६ची आग्र्याहून सुटका. इथे सगळा ताण पहाऱ्याचा, आजारपणाच्या बहाण्याचा, बाहेर जाणाऱ्या पेटाऱ्यांचा. या लेव्हलमध्ये खेळाडूच्या हातात तलवार दिलीत की प्रसंगच मेला, कारण शस्त्र उपसावं लागणं म्हणजे बेत फसणं. मग खेळाडूला काय करायला द्यायचं? पहारेकऱ्यांना सवय लावायची. पेटारे रोज तपासणारा शिपाई हळूहळू कंटाळतो, झाकण उघडून बघणं सोडतो. त्याच्या संशयाचा आकडा उतरताना बघण्यात जी धाकधूक आहे, ती शंभर मोगल कापून येणार नाही.

आता १६६३चा लाल महाल घ्या. शाहिस्तेखानावरचा छापा हिंसेशिवाय दाखवणं म्हणजे लबाडी. खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला. पण तिथेही लाटांमागून लाटांनी शिपाई सोडलेत तर छाप्याची लढाई होते. अंधार, गोंधळ, मोजके घाव आणि पसार होणं, एवढंच ठेवा. नायक तोच, काळ तोच, तरी दोन प्रसंगांची उत्तरं वेगळी निघतात. 'ऐतिहासिक गेम आहे म्हणजे लढाई आलीच' असं कुणी म्हणालं की मी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो.

हिंसा ठेवायची ठरली तर ती काय काम करते ते ठरवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'त (२०२०) राजी भिंतीवरून धावत, खांबाला गिरकी घेत राक्षसांवर वार करते. तिथे लढणं हा तिच्या चपळाईचाच भाग आहे. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजच्या 'धिस वॉर ऑफ माइन'मध्ये (२०१४) उलटा मामला. बोस्नियातल्या साराएवो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला हा गेम, युद्धात अडकलेल्या साध्या माणसांना जगवायचा. त्यात म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न लुटून आणलं की तुमचीच माणसं खचतात. दोन्ही पद्धती मला पटतात. न पटणारी तिसरी: शेवटी एक उदास कटसीन (खेळाडूने नुसतं बघायचं दृश्य) टाकून आधीच्या कत्तलीवर पांघरूण घालायचं.

रंग बदलून तर काहीच साधत नाही. जर्मनीत 'हाफ-लाइफ' या नेमबाजीच्या गेममधले सैनिक रोबो करावे लागले, आपल्याकडे बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हिरवं रक्त आलं. बाजारात टिकायला ते ठीक, पण खेळाडू करतो तेच करत राहतो.

व्यवहाराचंही बघा. प्ले स्टोअरवर गेम चढवताना वयोगटाची प्रश्नावली भरावी लागते. हिंसा माणसांवर आहे का, रक्त दिसतं का, असं सगळं तिथे विचारतात आणि त्यावर रेटिंग ठरतं. गेम शाळकरी मुलांसाठी असेल तर ही प्रश्नावली शेवटच्या आठवड्यात नाही, आर्ट सुरू व्हायच्या आधी वाचा. रक्ताचे इफेक्ट आणि मरणाची ॲनिमेशन्स तयार झाल्यावर काढायला सांगितलं तर आर्टिस्ट तुमच्याशी बोलणार नाही.

नोकरीच्या मुलाखतीत, मारामारी का ठेवलीत, हा प्रश्न मी नक्की विचारतो, आणि 'मजा येते म्हणून' हे उत्तर मला चालतं. फक्त मग ती मजा कुठे आहे ते दाखवा: वार बसल्यावर हिट-स्टॉप, म्हणजे चित्र क्षणभर थांबणं, किती फ्रेम ठेवलात, कॅमेरा का हलवलात, आणि तोच फटका माणसाऐवजी मडक्यावर बसला तर मजा उरते का.