पोट्ट्यांच्या हातात हॅमस्टर, पांढरा उंदीर? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्यांत नागपूर-अमरावतीहून एखादा हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) गावात येतो आणि गल्लीतली सगळी पोट्टी ओसरीवर गोळा होतात. पहिली चूक तिथंच होते. हॅमस्टर रात्री जागतो, दिवसा झोपतो. झोपेत वरून हात घातला की तो चावणारच. सायंकाळपर्यंत थांबा, हाताचा वास घेऊ द्या, मग दोन्ही हातांच्या ओंजळीत खालून उचला. मुलानं खाली मांडी घालून बसावं. उभ्यानं निसटला तर त्याचं हाड मोडतं. उंदराला शेपटीनं तर उचलूच नका, शेपटीची कातडी सोलून निघते.

पाच वर्षांच्या आतल्या लेकरांनी पिंजऱ्याबाहेरूनच पाहावं. त्यांची बोटं सारखी तोंडात जातात, आणि ठणठणीत दिसणाऱ्या प्राण्याच्या लेंडीतही हगवण लावणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. मोठ्या मुलांनी खेळून झालं की साबणानं 20 सेकंद हात धुवावेत. पिंजरा हापशीवर धुणं मात्र आजच बंद करा. एकीकडे पिण्याची गुंडी भरतेय आणि त्याच फरशीवरून लेंड्या वाहताहेत, हे मी गावात पाहतो तेव्हा जीव कळवळतो. फुकट मिळतं म्हणून पिंजऱ्यात सोयाबीनचं कुटारही घालू नका, फार धूळ उडते. दम्याचं लेकरू असलेल्या घरी तर पिंजरा झोपायच्या खोलीत नकोच.

खरी काळजी चाव्यानंतरची. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. पाळलेला उंदीर चावल्यावर रेबीजची लस सहसा लागत नाही, पण तेही त्यांनाच ठरवू द्या.

जखम भरली म्हणून विसरू नका. उंदराच्या चाव्यानंतर 3 दिवसांपासून 3 आठवड्यांपर्यंत कधीही ताप, उलट्या, सांधेदुखी, हातापायांवर पुरळ येऊ शकतं. हा रॅट बाइट फीव्हर. पेनिसिलिननं बरा होतो, अंगावर काढला तर जिवावर बेततो. पावसाळ्यात ताप आला की आपण मलेरिया-डेंग्यू तपासतो आणि उंदराचं सांगायचं राहून जातं. मार बसेल म्हणून मूलही चावा लपवतं. म्हणून रागावू नका, जवळ घेऊन विचारा, "बाबू, काही चावलं काय रे?"

धुऱ्यावर सापडलेलं उंदराचं पिल्लू मात्र घरी आणूच देऊ नका. शेतातल्या उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो. त्याच्या अंगावर आणि गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप येतो. 2018 साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. तापलेल्या मुलाच्या काखेत, जांघेत काळी खपली, म्हणजे या किड्याच्या चाव्याची खूण, दिसली तर ती डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा.